शून्य क्रमांकाची जोडणी

टेबलावरचं लोकरी कापड आधी काढ, तावो फोनवर ओरडला,
लोकरीत वीज बसलेली असते, एक ठिणगी आणि बोर्ड खलास.
मी कापड काढलं. मग, जरा विचार करून, स्वेटरही.
वेर्स्कातला फेब्रुवारी. बाहेर उणे एकोणीस,
तळ्यावरचा बर्फ इतका जाड की पोरं त्यावर मोपेड फिरवतात,
आणि मी, शाळेची बस चालवणारी बावन्न वर्षांची बाई,
सुती बनियनवर, हातात स्क्रू ड्रायव्हर.

कॉम्प्युटर आडवा केला, अडलेली मेंढी करतात तसा.
झाकण काढलं. आत सात वर्षांची धूळ
आणि मागच्या साली गेलेल्या मांजराचा एक पांढरा केस.
तो मी बशीत ठेवला. का, ते विचारू नका.

कारण साधं होतं. ओक्सेनिया मावशी आणि तिच्या पाच जणी
मी तीन कॅमेऱ्यांनी टिपल्या होत्या, सबंध दुपार.
तिन्ही एकदम लावल्या की अडखळायच्या:
तोंड उघडं, छातीवरचं चांदीचं बकल
अर्ध्या झोक्यात थांबलेलं.
एका घोड्याची गाडी आहे तुझी, तावो म्हणाला, दोन जुंप.

जुंपल्या. जुनी डिस्क जागेवर तशीच,
तिच्याखाली दोन नव्या, एका खोक्यातल्या, एका वजनाच्या.
प्रत्येक फाईल चिरायची, तो सांगत होता, पट्ट्यापट्ट्यांनी,
पहिली पट्टी हिला, दुसरी तिला, तिसरी परत हिला.
वाचताना दोघी एकदम वाचतात.

हे तर मला लहानपणापासून माहीत आहे, मी म्हटलं.
मावशी ओळ म्हणते,
शेवटच्या दोन अक्षरांवर बाकीच्या ती तिच्या तोंडातून उचलतात,
तेवढ्यात ती श्वास घेते, पुढची जुळवते.
सबंध गाणं एकटीला कुणालाच म्हणावं लागत नाही,
म्हणून तर पहाटेपर्यंत चालतं.

आणि यातली एक बंद पडली तर?
तावो जरा थांबला. टार्टूत त्याची किटली शिट्टी देत होती.
तर दुसरीकडे उरतात मधल्यामधल्या पट्ट्या.
अर्ध्या फाईली नव्हेत, आत्या. काहीच नव्हे.
म्हणूनच हिचा नंबर शून्य.

सेटिंग बदललं, मशीन सुरू केलं,
आणि पडदा निळा. पुन्हा सुरू, पुन्हा निळा.
जुन्या विंडोजला नव्या सुनांची ओळखच पटेना.
त्या रात्री मी त्याला जे बोलले ते बसमध्ये पोरांना बोलू देत नाही.
दुसऱ्या रात्री सेफ मोडची आडवाट सापडली,
पट्टीची रुंदी विचारली तेव्हा एकशे अठ्ठावीस म्हटलं,
साइझ विचारल्यावर शिंप्याला सांगतात तसं, अंदाजाने.
आणि दोन डिस्कची एक झाली. एकच अक्षर, एकच दार.

मग मावशी लावली.
झुळझुळ. तिन्ही बाजूंनी. कुठे खडा नाही.
आणि म्हणूनच दिसलं:
चौदाव्या मिनिटाला ती थांबते.
मशीन नाही थांबत. मागे माशी उडते आहे,
हेल्मीच्या रुमालाची झालर हलते आहे,
मावशी मात्र ओठ उघडे ठेवून ओळ शोधते आहे
आणि ओळ तिच्याकडे नाही.
पाच जणी वाट बघतात. दोन श्वास. तीन.
मग हेल्मी, सगळ्यांत धाकटी, मान खाली घालून
ती हळूच पुढे सरकवते, ताटातला घास सरकवावा तशी.

इतके महिने हे मी डिस्कच्या नावावर घालत होते.

सकाळी मावशीला फोन केला. झालं का तुझं यंत्र, तिने विचारलं.
झालं, मी म्हटलं. चौदाव्या मिनिटाला तू जरा थांबतेस.
बराच वेळ नुसती तिची चूल ऐकू आली.
यंत्राचाच दोष असेल, ती म्हणाली.
हो मावशी, मी म्हटलं, यंत्राचाच.

मग कपाटातून बाहेरची जुनी डिस्क शोधली, केबल लावली,
सगळ्याची एक नक्कल घ्यायला सांगितली.
झाली की ती बिस्किटांच्या डब्यात जाईल. लोकरीत नाही.
नऊ तास सत्तेचाळीस मिनिटं बाकी, पडदा म्हणतो आहे.
मी स्वेटर घातला आणि बस गरम करायला गेले.